डोंबिवली ते बाळकुम, एका काळ्या घोटासाठी

आमच्या बिल्डिंगमधली माणसं सिमल्याला जातात, केरळला जातात आणि परत आल्यावर ग्रुपवर इतके फोटो टाकतात की ते बघूनच आपले पाय दुखायला लागतात. मी बाळकुमला जाऊन आलो. मानपाड्याहून स्कूटरवर निघालं तर थर्मासातला चहा निवायच्या आत पोचता येतं. तरीही पन्नाशी उलटलेल्या माझ्या आयुष्यात एवढ्या लांब मी कधी गेलो नव्हतो. जे अजून त्या बाजूला फिरकले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

आधी माझी ओळख. मी इथेच एमआयडीसीत एसेन्सच्या कारखान्यात आहे. बिस्किटातला आंबा, सरबतातला वाळा, केकमधली रम हे सगळं आमच्याकडून कॅनमध्ये भरून जातं. हुद्दा काहीही असो, माझं काम नाकाचं. त्यातली रम तर मीच जुळवलेली. नाताळच्या आधी तिला फार मागणी असते. आणि मी जन्मात कधी रम चाखलेली नाही. दर रविवारी बायकोबरोबर विहारात जातो, पंचशील घेतो. पाचवं शील, नशेपासून लांब राहण्याचं, माझ्याकडून आपोआपच पाळलं जात होतं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. कुणी कधी ग्लास पुढे केलाच नाही.

दुसरं म्हणजे मी फारसा बोलत नाही. घरात माझं बरंचसं बोलणं मान हलवून होतं. सगळा घोळ त्यातूनच झाला. मान हलवून खोटं बोलता येतं आणि आपण खोटं बोललो असं वाटतही नाही.

आमची मुलगी उत्पला फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि बाळकुमला नोकरीला लागली. कुठे, तर जिथे बिअर जागेवरच बनवतात आणि जागेवरच विकतात अशा ठिकाणी. हे तिनं मला सांगितलं, आईला सांगितलं नाही. तिची आई, म्हणजे माझी बायको वैशाली, विहारात पुढे बसून सगळ्यांना वंदना सांगते. तिला एवढंच कळलेलं की पोरगी फूड कंपनीत क्वालिटीला आहे. तेच ती विहारातल्या बायकांना कौतुकानं सांगायची आणि माझ्याकडे वळून म्हणायची, "हो ना ओ?" मी मान हलवायचो. पावसाळ्याच्या आधीपासून हलवत होतो. रात्री उशीवर टेकल्यावर तीच मान दुखायची.

मग एका शुक्रवारी उत्पलानं मला गॅलरीत गाठलं. सर्दीनं तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"पप्पा, माझी पहिली बिअर तयार झालीये. स्टाउट. काळी असते ती. नाचणी घालून केलीये. उद्या टेस्टिंग आहे. पास झाली तर विक्रीच्या नळाला लागणार, नाही तर गटारात."

"मग?"

"मग काय? नाक बघा माझं! मला कांदा आणि सफरचंद एकच लागतंय. उद्यापुरतं तुमचं नाक द्या ना. माझ्या बाजूनं नका बोलू हां. जे खरं असेल तेच सांगा."

मी मान हलवली.

मनातल्या मनात पळवाटही काढली. आमच्या लॅबमध्ये चाखायचं आणि थुंकायचं अशी पद्धत आहे. गिळलं नाही म्हणजे प्यायलो नाही, असा सरळ हिशेब. त्या रात्री बाथरूममधला कड तुटलेला गुलाबी मग मी गुपचूप पिशवीत टाकला.

मोठागावचा पूल

वैशालीला सांगितलं, कंपनीत घरातल्या एकाला बोलावलंय. तिनं लगेच नाचणीचे लाडू केले. डबा माझ्या हातात देत म्हणाली, "तिच्या साहेबांना द्या. म्हणावं, आमच्या पोरीला सांभाळून घ्या." लाडूचा डबा आणि थुंकायचा मग एकाच पिशवीत. त्या पिशवीचं ओझं मला घाटातल्या हमालासारखं वाटत होतं.

"पप्पा, घट्ट धरा, पण जॅकेट ओढू नका," उत्पला म्हणाली आणि आम्ही निघालो.

मला रस्ते नाकानं आठवतात. मानपाडा रोडला सकाळी तळणीच्या तेलाचा आणि आमच्याच कारखान्यांचा गोडूस, डोक्यात जाणारा वास असतो. डोंबिवली पश्चिमेला उतरलं की ताजे मासे आणि अगरबत्ती. मोठागावच्या पुलावर चढलो तर एकदम काहीच नाही, नुसतं वारं. खाली खाडीला ओहोटी लागलेली. चिखल उघडा पडलेला आणि त्यात एक बगळा, चप्पल हरवलेल्या माणसासारखा, एकेक पाय उचलून बघत होता. पूल उतरला की माणकोलीची गोदामं. तिथे पुठ्ठ्याचा वास, मैलभर पुठ्ठाच. कशेळी ओलांडेपर्यंत माझं नाक धुऊन पुसून तयार झालेलं.

"घाबरलात काय?" उत्पलानं हेल्मेटमधून विचारलं.

मी मान हलवली. पाठीमागे बसलेल्या माणसाची मान तिला दिसत नव्हती, हे बरं झालं.

बाळकुम

बाळकुम एकेकाळी गाव होतं म्हणतात. आता टॉवर आहेत, आणि दोन टॉवरच्या मध्ये एखादं कौलारू घर, दारात मिरच्या वाळत घातलेल्या. उत्पलाची कंपनी अशाच एका टॉवरच्या तळमजल्यावर. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, आणि दार उघडताच जो वास आला त्यानं मी उंबऱ्यातच थांबलो. कुरडयांचा चीक शिजताना येतो तो वास! अगदी तोच. मला वाटलेलं काहीतरी पापी वास येईल. इथे तर एप्रिलमधली गच्ची होती.

"या काका!" गमबूट घातलेला, छातीपर्यंत दाढी असलेला एक माणूस पुढे आला. हा केदार. इथली सगळी बिअर याच्या हाताखाली होते. उत्पला त्याची मदतनीस, आतापर्यंत मुख्यतः टाक्या धुणारी. मी डबा दिला. त्यानं उभ्या उभ्या एक लाडू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला.

"टेस्टिंगच्या आधी खाऊ नये," तो तोंडभर लाडवानिशी म्हणाला. "पण काय करणार!"

त्यांच्या पद्धती मला पुष्कळशा ओळखीच्या वाटल्या. अत्तर लावायचं नाही, चाखताना बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पाहुण्यानं आधी मत द्यायचं, म्हणजे तो दुसऱ्याचं ऐकून बिघडत नाही. एका गोष्टीचं मात्र नवल वाटलं. बिअर फार गार नव्हती. "गारठली की वास झोपतो काका," केदार म्हणाला. आमच्याकडे सरबताचंही तसंच असतं, पण गिऱ्हाईक ऐकत नाही.

छोट्या, फुगीर पोटाच्या ग्लासात ती आली. काळी कुळकुळीत, पण उजेडाला धरल्यावर बुडाशी लालसर, काळ्या मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी. वर फेस दुधाळ तपकिरी, कडक कॉफीवर येतो तसा, आणि चांगला दाट. मी ग्लास हलवला, नाक घातलं. पहिल्यांदा कॉफी आली. मग कडू चॉकलेट. मग भाकरीचा कडेनं काळा पडलेला पापुद्रा. त्याच्याही मागे काहीतरी गोडसर, मातकट, फार ओळखीचं. मी परत नाक घातलं आणि मला चक्क आमच्या घरातली खिडकी दिसली, तिच्याखालचा गॅस दिसला.

वैशाली नाचणी आधी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते आणि मग लोखंडी तव्यावर भाजते. त्या मोडांचा वास दुसरीकडे कुठे येत नाही.

"उत्पला," मी म्हणालो, "ही नाचणी कुणी भाजली?"

ती रुमालात नाक खुपसून टाकीकडे बघायला लागली.

"आईनं," रुमालातून आवाज आला. "नाश्त्याच्या पदार्थाचं सॅम्पल आहे म्हटलं तिला. पप्पा, प्लीज, आत्ता नको."

म्हणजे आम्ही दोघांनी तिच्यापासून नुसतं लपवलं नव्हतं, कामालाही लावलं होतं. मी पिशवीतून गुलाबी मग काढला. केदारच्या भुवया दाढीपासून आणखी लांब गेल्या. मी घोट घेतला, जिभेवर फिरवला, टाळूला लावला आणि मगात थुंकलो.

"उत्तम," मी म्हणालो. "फारच उत्तम."

उत्पला जागच्या जागी एक उडी मारणार होती. केदार मगाकडे बघत राहिला.

"काका, शेवट कसा वाटला?"

"शेवट?"

"गिळल्यावर. वाइनवाले थुंकतात, आपल्याकडे गिळावं लागतं. हिचा कडूपणा घशात कळतो. तुम्ही अर्ध्या वाटेवरून परत आलात."

मी मगाकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. वैशालीचा वंदना सांगतानाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग उत्पलाकडे बघितलं. नाक लाल, डोळ्यांत पाणी, ते सर्दीचं की कशाचं कळेना. माझ्या बाजूनं बोला असं ती म्हणाली असती तर सोपं होतं. तिनं खरं मागितलेलं.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "गिळा."

मी गिळलं.

आधी मऊपणा, साय खाल्ल्यासारखा. मग कॉफी, मग हलका गुळमटपणा, घशाखाली उतरताना एक छान कडू झटका. आणि सगळं संपलं असं वाटत असताना, मागून, विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतं तसं ओलं, काळं, खरखरीत काहीतरी. जाईना. आवंढा गिळला तरी तिथेच.

"राख," मी म्हणालो.

केदारनं मान डोलावली. त्याला ती आधीच लागलेली.

आता खरं लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो. राख सोडली तर मला ती आवडली. फार आवडली. मी दुसरा घोट घेतला आणि "खात्री करून घेतो" असं म्हणालो. खात्री पहिल्याच घोटात झालेली.

केदारनं टाकीखालचा कॉक उघडला. उत्पलाची पहिली बिअर फेसाळत जाळीतून खाली गेली. ती हात बांधून शेवटपर्यंत बघत उभी राहिली. मग केदारनं तिसरा लाडू घेतला आणि चावता चावता थांबला.

"हा लाडू कुणी केला?"

"आईनं."

"आणि ती नाचणी पण आईनंच भाजलेली? एकच हात? मग लाडवात राख का नाही?" त्यानं बोटं चाटली. "उत्पला, छोटी टाकी रिकामी आहे. एकदाच देतो. आईंना विचार त्या दिवशी काय झालं, आणि नाचणी अशी, लाडवासारखी आण. नाही जमली तर ही रेसिपी बंद, आणि तू परत टाक्या धुवायला."

दुपारी नाक्यावरच्या एका घरगुती खानावळीत आम्ही तांदळाची भाकरी आणि सुका जवळा घेतला. वाढणारी बाई आमची तोंडं बघून म्हणाली, "पोरीशी भांडान झाला का?" मी मान हलवली. जवळा इतका झणझणीत होता की दुसरा कुठला वास येणं शक्य नव्हतं. राख मात्र तरी लागत होती. आईंना विचार, असं केदार सहज म्हणाला. विचारायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

विहार

रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. वैशाली पुढे, मी तिच्या मागच्याच ओळीत. पहिली चार शीलं मी नेहमीसारखी म्हटली. पाचव्याला तोंडच उघडेना. घशात अजून काळं काहीतरी होतं.

बाहेर चपला घालताना ती म्हणाली, "अहो, पाचव्याला आवाज कुठे गेला?"

"घसा..."

"चारपर्यंत बरा होता."

तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी, मी सगळं सांगितलं. नोकरी, टाक्या, लाडू, मग, घोट. इतकं सलग मी लग्नातही बोललो नव्हतो. ती एक चप्पल घालून, एक हातात धरून ऐकत होती.

"माझ्या तव्यावर?" ती शेवटी म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि मी सगळ्या बायकांना सांगत होते. तुम्ही शेजारी उभे राहून हो हो करत होता." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "दारू नंतर बघू. मला येडी केलीत तुम्ही दोघांनी."

तिनं रिक्षा थांबवली आणि विठ्ठलवाडीला, बहिणीकडे निघून गेली.

विठ्ठलवाडी

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी आणि उत्पला कल्याणवरून विठ्ठलवाडीला गेलो. धीर यावा म्हणून आधी दाल-पकवान खाल्लं. उल्हासनगरच्या सिंधी वाऱ्यानं इथे नाश्ता बदललेला. आमच्याकडे सकाळी पोहे, इथे पापडासारख्या कुरकुरीत पुरीवर गरम डाळ, चिंच आणि कच्चा कांदा. उत्पलाची सर्दी उतरलेली. "कांदा कांद्यासारखा लागतोय," ती उदास चेहऱ्यानं म्हणाली.

मेव्हणीचं, लताचं घर स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर. वैशाली खाली बसून मेथी निवडत होती. आम्हाला बघून तिनं मेथीची गती वाढवली.

"आई, सॉरी," उत्पला दारातूनच म्हणाली. "मला वाटलं तू नोकरी सोडायला लावशील."

"मग लावली असती, तू भांडली असतीस. भांडायला काय झालेलं?"

लता चहा घेऊन आली आणि बसली. तिच्यासाठी हे सगळं सिनेमासारखं चाललेलं.

"तुझी बिअर पास झाली का?" वैशालीनं मेथीला विचारलं.

"नाही. ओतून टाकली. शेवटी राख लागत होती."

"राख?" मेथीची जुडी थांबली. "माझ्या हातच्या नाचणीला राख? कोण म्हणतं?"

उत्पलानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मान हलवू नका! तोंडानं बोला!"

"मी म्हणतो," मी म्हणालो. "राख होती."

"उभ्या जन्मात माझी नाचणी करपली नाही! लाडू खाल्लेत ना? आला वास? तुमच्या मशीनमध्येच जळलं असेल काहीतरी, आणि नाव माझं."

"अगं वैशे," लता बशीत चहा ओतत म्हणाली, "मागे तू तव्यापुढे उभी राहून माझ्याशी फोनवर बोलत होतीस बघ. पिंकीच्या साखरपुड्याचं चाललेलं आपलं. मधेच 'अगं बाई, करपलं!' म्हणून ओरडलीस आणि फोन आपटलास. ते काय होतं?"

वैशालीनं एक पान निवडलं. मग तेच परत निवडलं.

"थोडंसं काळं झालेलं," ती म्हणाली. "मला वाटलं कंपनीचं सॅम्पल आहे, कोण खातंय."

"आई! मी तुला विचारलेलं, नीट झालं ना म्हणून! तू काय केलंस माहितीये?" उत्पला उभीच राहिली. "मान हलवलीस!"

लता इतकी हसली की चहा बशीतून मेथीत गेला. उत्पला हसली. मी तोंड आवळून धरलं.

"तुम्ही हसू नका," वैशाली मला म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून स्वतःच हसायला लागली.

आमच्याबरोबर घरी निघताना मात्र तिनं जिन्यात आम्हाला थांबवलं. हसू पुसून झालेलं. "नोकरी सोड म्हणणार नाही. पण त्यासाठी माझ्या हातानं मी आता काही भाजणार नाही. ते मला जमणार नाही. आणि विहारात काय सांगायचं ते मी सांगीन. तुम्ही कुणी माझ्या वतीनं माना हलवायच्या नाहीत."

मानपाडा, आमचं स्वयंपाकघर

हा प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा. हॉलमधून दहा पावलांवर, पण इथे मला वाट माहीत नव्हती.

मोड आलेली, वाळलेली नाचणी उत्पलानं जमवली. भाजायला मी उभा राहिलो, कारण तिला कामावर जायचं होतं. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे पाठ करून, कपड्यांच्या घड्या घालत बसली.

"मी काही सांगत नाहीये," ती म्हणाली.

"बरं."

तवा तापला. मी नाचणी पसरली.

"काही लोक एवढी एकदम घालत नाहीत," ती टॉवेलला म्हणाली.

मी अर्धी काढून घेतली.

"हात चालता ठेवला असता कुणी, तर एका बाजूनं लागली नसती."

मी हात चालवला. वास बदलत गेला. आधी ओला गवताचा, मग भाकरीचा, मग शेंगदाण्याचा, मग कॉफीची पहिली चाहूल. माझं नाक म्हणत होतं, अजून थोडं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी वळून बघितलं. लताचं नाव दिसत होतं. वैशालीनं फोन कट केला, उलटा ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "एव्हाना उतरवला असता तवा."

"अजून जरा..."

"राख खायची असेल तर ठेवा."

मी उतरवला. शपथेवर सांगतो, तिनं त्या दाण्याला बोट लावलेलं नाही.

पुन्हा बाळकुम

टाकीला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागले. या वेळी पिशवीत मग नव्हता. केदारनं ग्लास पुढे केला, मी नाक घातलं, घोट घेतला आणि गिळला. साय, कॉफी, गूळ, कडू झटका. मी वाट बघत राहिलो. आवंढा गिळला. परत वाट बघितली. मागून कुणी आलं नाही. फक्त तव्यावरून उतरवलेल्या नाचणीची ऊब राहिली, बराच वेळ.

"बोला काका."

मी मान हलवणार होतो. "चांगली झालीये," मी तोंडानं म्हणालो. "शेवटपर्यंत."

केदारनं स्वतः घोट घेतला आणि नळ जोडायला निघून गेला. उत्पलानं माझा ग्लास हिसकावून घेतला, नाक घातलं आणि तशीच उभी राहिली.

"पप्पा, आईचा वास येतोय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी विहाराबाहेर एका बाईनं नेहमीसारखं विचारलं, लेक कशी आहे? वैशालीनं पदर सारखा केला. "बिअर बनवते. काळी. मला पटत नाही, पण नीट बनवते." ती बाई खाली बघून चपला शोधायला लागली. वैशाली माझ्याकडे वळली. "हो ना ओ?"

"हो," मी म्हणालो.

आता महिन्या-दोन महिन्यांतून माझी बाळकुमला एक चक्कर होते. एकच ग्लास, आणि घरी सांगून. वंदनेला मी चार शीलं मोठ्यानं म्हणतो. पाचव्याला गप्प बसतो, कारण जे पाळत नाही ते कबूल कसं करायचं? पुढच्या ओळीत वैशालीचा आवाज तेवढ्यापुरता थोडा चढतो. मागे बसलेल्यांना दोघांचा वाटावा इतका.